कोना शे रे तू?

धुळ्याच्या देवपुरात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर माझा टायपिंगचा क्लास होता. शहरात कॉम्प्युटर यायला लागले तशी माझ्याकडची पोरं आटली, म्हणून मी अर्धी जागा रुपचंदशेठना दिली. त्यांनी मधोमध हिरवा पडदा लावला आणि पलीकडे आणून काय बसवलं, तर कॉम्प्युटर! बायको म्हणाली, "आ बैल मुझे मार म्हणतात ते हेच." मी तिच्यावर ओरडलो, कारण म्हण अगदी चपखल बसली होती.

त्या पडद्यापलीकडे बसायचा तो अभिमन भदाणे. तिशी ओलांडलेली, अंगाने काटकुळा, लग्न नाही. दोन-तीनदा मुली बघायला गेला होता. मुलीचा बाप विचारी, नोकरी कशात? हा सांगे, कॉम्प्युटरमध्ये. बाप विचारी, सरकारी का? मग चहा पिऊन हा परत यायचा. पुढे पुढे त्याने जाणंच सोडलं.

तो बोलायचा फार कमी. गावच्या शाळेत 'शे' म्हटलं की गुरुजी हातावर छडी द्यायचे, 'आहे' म्हण म्हणून. त्यामुळे इतक्या वर्षांनीसुद्धा 'आहे' म्हणायच्या आधी तो जरासा अडायचा. समोरच्याला वाटायचं, या माणसाला काही येत नाही. माझ्याशी मात्र तो अहिराणीत बोलायचा, कारण पहिल्याच दिवशी त्याच्या प्रिंटरच्या करकरीने माझं डोकं उठलं आणि मी त्याच्यावर अहिराणीत तोंड टाकलं. माझा रागच तेवढा आईच्या भाषेत राहिला आहे, बाकी सगळा मी टायपिंगच्या पुस्तकातला. माझी शिवी ऐकून हा गडी असा हसला की मीच वरमलो. नंतर म्हणाला, "मास्तर, बराच दिनमा कोन्ही मनासंगे बोलनं." बऱ्याच दिवसांनी कोणी बोललं म्हणे. शिवीला बोलणं म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला.

रुपचंदशेठकडे येणारी कामं साधारण एकाच चालीची असत. पाचोऱ्याच्या आडत्याचा हिशोब, भडगावच्या एका संस्थेचे पगार, केळीच्या ट्रकांची नोंद. काम कोणाचंही असो, सुरुवात तीच. आधी मशीनमध्ये त्या कामाची वेगळी जागा करायची, तिच्यात आणखी छोटे कप्पे पाडायचे, तारीख लिहिणारा, कागदावर छापणारा, स्क्रीनवर चौकट आखणारा असे सगळे तयार तुकडे जुन्या कामातून उचलून तिथे आणायचे, आणि प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर नव्या मालकाचं नाव घालायचं. अर्धा दिवस नुसता मांडामांडीत जायचा. एखादा तुकडा आणायचा राहिला की पुढे आडत्याच्या बिलावर संस्थेच्या शिपायाचं नाव यायचं, आणि रुपचंदशेठ पडद्यापलीकडे असे ओरडायचे की माझ्याकडच्या पोरींची बोटं चुकायची.

अभिमनने यावर एक युक्ती काढली. स्वतःच एक छोटा प्रोग्राम लिहिला. काळ्या पडद्यावर सी आणि दोन टिंबं दिसत, तिथे 'नवा' असं टाइप करून बटण दाबायचं. मग मशीन तीन प्रश्न विचारणार, आपण उत्तरं द्यायची, आणि चहाचा घोट घेईपर्यंत सगळी मांडामांड होऊन जाणार. मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण एकदा तो बाहेर गेला असताना मी पडद्यापलीकडे जाऊन बघितलं. आपल्या सवतीचं तोंड कसं आहे, हे बघायची इच्छा माणसाला होतेच.

प्रश्न रोमन लिपीत होते, पण इंग्रजी नव्हते. अहिराणीत होते. पहिला, "कोना?" म्हणजे कोणाचा. दुसरा, "नाव काय शे?" तिसरा, "कसाले उना?" कशाला आलास. हिशोब, पगार की साठा, यातलं एक सांगायचं. आणि सगळं झालं की शेवटी एकच शब्द उमटायचा, "बठ." म्हणजे बस, आता कामाला बस.

मी पहिल्याच प्रश्नाला चुकलो. 'कोना?' विचारल्यावर माझं स्वतःचं नाव घातलं, वना. दुसऱ्यालाही वना. तेवढ्यात अभिमन परत आला आणि म्हणाला, "मास्तर, तुम्ही तुमनाच पोर्‍या हुई गयात." मी माझाच पोरगा झालो म्हणे. खेड्यात कोणाच्या दारात गेलं तर आधी स्वतःचं नाव सांगायचं नसतं, बापाचं सांगायचं. तुझं नाव घेऊन कोणी ओवाळणार आहे का? तू कोणाचा, ते कळलं की दार उघडतं. हे मला माहीत होतं, पण शहरात राहून मी विसरलो होतो. त्याने त्या मशीनला मात्र विसरू दिलं नव्हतं. काम कोणाचं ते आधी, कामाचं नाव मागून.

रुपचंदशेठना या प्रकाराने घाम फुटला. एक तर मशीनला आठच अक्षरं चालत. 'रुपचंद' इंग्रजीत बरोबर आठ अक्षरांत बसलं आणि 'शेठ' बाहेर राहिलं. मशीन आपल्याला अरेतुरे करतं असं त्यांना वाटलं. दुसरं म्हणजे शेवटचा तो 'बठ'. रोमन अक्षरांतला तो शब्द त्यांनी इंग्रजी समजून वाचला आणि गिऱ्हाइकासमोर ओरडले, "अरे, हा आंघोळीला कुठे पाठवतो लोकांना?" मी पडद्याअलीकडे हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी राहिलो. शेठनी हुकूम दिला, सगळं इंग्रजीत करा. अभिमनने मान डोलावली आणि काही केलं नाही. आठवड्याने शेठही विसरले, कारण काम झटपट व्हायला लागलं होतं.

माझ्या लक्षात एक गोष्ट आली होती. रोज संध्याकाळी, घरी निघायच्या आधी, हातात काही काम नसताना तो 'नवा' चालवायचा. 'कोना?' ला उत्तर द्यायचा, झुलाल. मशीन म्हणायचं, बठ. मग ती केलेली मांडामांड तो पुसून टाकायचा आणि मशीन बंद करून निघायचा. एकदा मी खवचटपणे विचारलं, "कोण रे हा झुलालशेठ? रोज काम आणतो आणि रोज मोडतो?"

"मना बाप," तो म्हणाला. "मरी गया."

बस, एवढंच. तोच थोड्या वेळाने म्हणाला, "मास्तर, घर चाला ना आज. माय दखी ल्या."

तो पांझरा नदीकडच्या अंगाला दोन खोल्यांत राहायचा. गावची शेती भाऊबंदांकडे टाकून आईला, भागाबाईला, त्याने इथे आणलं होतं. दिवसा शेजारची भिकुबाई तिच्यावर लक्ष ठेवी. आम्ही पोचलो तेव्हा दार आतून लावलेलं होतं. अभिमनने कडी वाजवली. दार बोटभर उघडलं, आणि फटीतून एक डोळा दिसला.

"कोना शे रे तू?" आतून आवाज आला.

"झुलालना," अभिमन म्हणाला.

"नाव काय शे?"

"पाव्हना शे, माय."

"कसाले उना?"

"भेटाले उनू."

दार उघडलं. म्हातारीने डोक्यावरून पदर पुढे ओढला, मान खाली घातली आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "त्या घर नहीत. बठ."

मी उंबऱ्यातच उभा राहिलो. चपला काढायचंही भान राहिलं नाही. 'त्या' म्हणजे ते, तिचा नवरा झुलाल, जाऊन कितीतरी वर्षं झालेली. तिच्या लेखी तो कुठेतरी बाहेर गेला होता, थोड्या वेळाने येणार होता. नवऱ्याचं नाव घेऊन जो दारात येतो त्याला बाईमाणूस परत पाठवत नाही, म्हणून ती पोटच्या पोराला पाहुणा म्हणून घरात घेत होती. आणि तो स्वतःच्या घरात कोपऱ्यातल्या चटईवर अवघडून बसला होता, खरोखरचा पाहुणा बसतो तसा.

परतताना तो मला पुलापर्यंत सोडायला आला. वाटेत त्याने सगळं सांगितलं, आणि इतकं सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. सुरुवातीला तो खरं सांगायचा, माय, मी अभिमन. तर ती दांडा उचलायची. "मना पोर्‍या शाळामा जास, एवलासा शे. तू कोनं सोंग लिसन उना?" एकदा दार लावून घेतलं आणि रात्रभर उघडलं नाही, हा ओट्यावर झोपला. मग याने एकेक उत्तर बदलून बघितलं. शेजारचा आहे म्हणाला, दूधवाला म्हणाला, सरकारी माणूस म्हणाला. शेवटी बापाचं नाव सांगितलं आणि दार उघडलं. त्या दिवसापासून तेच उत्तर. तिचेच प्रश्न, त्याच क्रमाने, त्याने मशीनमध्ये घातले होते.

"कसाले रे बाबा?" मी विचारलं.

"आठे उत्तर देवानी सवय ऱ्हास," तो म्हणाला. "घर जाईसन चुकाले नको." इथे सवय झाली की घरी उत्तर चुकणार नाही, म्हणे.

मला त्या क्षणी त्याची इतकी दया आली की मी चिडलो. माझं असंच होतं. मी म्हणालो, एखाद्या डॉक्टरला दाखव. त्याने दाखवलं होतं, धुळ्यातही आणि जळगावातही. वय झालं, असंच चालायचं, असं सगळीकडे सांगितलं होतं. पुलाच्या कठड्याला टेकून तो म्हणाला, "मास्तर, ती मनं नाव लेत नही. 'मना पोर्‍या' म्हनस. परकासमोर पोरनं नाव लिधं ते नजर लागस, आसं तिले वाटस. मी परका शे ना तिले." आणि मग म्हणाला, "एक डाव तिना तोंडतीन मनं नाव ऐकानं शे. मंग मी कोठेबी जासू."

एकदा तिच्या तोंडून स्वतःचं नाव ऐकलं की तो कुठेही जायला तयार होता, आणि कुठे, ते लवकरच समोर आलं. त्या उन्हाळ्यात पुण्याच्या एका कंपनीचे गृहस्थ रुपचंदशेठकडे काही कामासाठी आले. त्यांनी 'नवा' चालताना बघितला. आधी आंघोळीवरून हसले, मग खुर्ची ओढून बसले, पुन्हा चालवायला लावला, पुन्हा लावला. जाताना अभिमनला म्हणाले, आमच्याकडे चला, अशी माणसं हवीत आम्हाला. राहायची सोय करतो. अक्षय्य तृतीयेपर्यंत, म्हणजे आमच्या अखाजीपर्यंत, कळवा.

रुपचंदशेठ तसे मनाने मोठे. माणूस जातोय म्हणून तोंड वाकडं केलं नाही. म्हणाले, जा रे, इथे माझ्या पडद्यामागे किती दिवस कुजशील? मीही तेच म्हणालो. म्हणालो, आईला गावी भाऊबंदांकडे ठेव, एखादी बाई लावून दे. आणि उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात तसं पुढे बोलून गेलो, "ती तुला ओळखतच नाही. तू असलास काय आणि नसलास काय, तिला काय कळणार?"

त्याला राग यायला हवा होता. आला नाही. तो म्हणाला, "ती इचारस ना रोज, मास्तर. दारवर उभा ऱ्हाईसन 'झुलालना' म्हनाले कोन्ही पाहिजे का नको?"

"आणि किती दिवस?"

"एक डाव नाव लेऊ दे तिले. मंग जासू."

मग मीच रोज सकाळी विचारायला लागलो. पडदा बाजूला करून नुसती भुवई उडवायचो. तो मान हलवायचा, नाही. माझ्या क्लासातल्या पोरींना वाटायचं, मास्तर आणि तो कॉम्प्युटरवाला काहीतरी सट्टा लावतात. कधी कधी तो काही बातमी आणायचा. आज तिने पाणी दिलं. आज तिने भाकरी वाढली, पाव्हना म्हणून तूप जास्त घातलं. आज 'मना पोर्‍या' ला ताप आहे म्हणून रडत होती, आणि तो शेजारी बसून तिची समजूत काढत होता की पोराला बरं वाटेल, माय, काळजी करू नको. हे सांगताना तो हसायचा. मला हसू यायचं नाही. पडद्याअलीकडे येऊन मी विनाकारण पोरींवर खेकसायचो.

अखाजी आली. खानदेशात हा सण दिवाळीपेक्षा मोठा. पोरी माहेराला येतात, झोके बांधतात, आणि घरोघरी वाडवडिलांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. त्या दिवशी क्लासला सुट्टी होती, पण घरच्या कपाटाची किल्ली तिथे विसरली होती म्हणून मी सकाळी गेलो, तर जिन्यात अभिमन बसलेला. हातात कोरी घागर, पिशवीत डांगर, म्हणजे खरबूज, आणि दोन आंबे.

"मास्तर, आठे भरू का?" तो म्हणाला.

मला आधी कळलंच नाही. मग उमगलं. घरी घागर भरली असती तर म्हातारीने विचारलं असतं, कोणाच्या नावाने? झुलालच्या नावाने म्हणायचं कसं? ज्या माणसाचं नाव सांगून हा रोज घरात शिरतो, आणि जो तिच्या लेखी थोड्या वेळाने येणार आहे, त्याला तिच्यासमोर मेलेला कसा करायचा? म्हणून बापाची घागर भरायला याला घर नव्हतं.

मी टायपिंगच्या मशिनी सरकवून भिंतीपाशी जागा केली. खाली मोरीच्या नळाचं पाणी आणलं. त्याने घागर भरली, वर डांगर ठेवलं, आंबे ठेवले, आणि दिव्यावर पेटवलेल्या गोवरीवर तुपाचा थेंब सोडला. दवाखान्याच्या कंपाउंडरने धूर बघून खालून हाक मारली. मी खिडकीतून त्याला चार शब्द सुनावले. अभिमन हात जोडून बराच वेळ उभा होता. मी त्याला जेवायला घरी नेलं, बायकोने रस आणि खापराची पोळी वाढली, आईसाठी डबा बांधून दिला. संध्याकाळी डबा घेऊन मीही त्याच्याबरोबर निघालो. आज पुण्याला कळवायचा शेवटचा दिवस होता आणि त्याच्याकडून मला एकदाचं उत्तर हवं होतं.

दार उघडं होतं. भागाबाई ओट्यावर बसली होती. अभिमन नेहमीसारखा दोन हात अंतरावर उभा राहिला आणि प्रश्नाची वाट बघू लागला.

तिने प्रश्न विचारला नाही. त्याच्याकडे नीट बघितलं आणि सरकून जागा केली. "ये," म्हणाली. "बठ."

पदरही ओढला नाही. आत गेली, तांब्याभर पाणी आणून त्याच्या हातात दिलं. अभिमनने तांब्या घाईने तोंडाला लावला आणि निम्मं पाणी शर्टावर सांडलं. त्याने माझ्याकडे बघितलं. "मास्तर," तो अगदी हळू म्हणाला, "तिनी इचारं नही." त्याचे डोळे भरून आले होते. माझेही आले, खोटं कशाला बोलू. मला वाटलं, ओळखलं. आज अखाजीच्या दिवशी म्हातारीने पोराला ओळखलं.

ती त्याच्या शेजारी बसली. थोडा वेळ त्याच्या ओल्या शर्टाकडे बघत राहिली.

"तू रोज येस रे भाऊ," ती म्हणाली.

"हा, माय."

"तुनी वाट दखाले घर कोन्ही नही का?"

अभिमनने तांब्या खाली ठेवला. "नही, माय," तो म्हणाला.

म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर कळवळा उमटतो तो खोटा नसतो. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "मंग आठेच र्‍हाय," ती म्हणाली. "मना अभिमन आते शाळातीन ई. त्यानासंगे जेवजो. तोबी बिचारा एकलाच शे."

नाव तिच्या तोंडून आलं होतं. आता तो कुठेही जायला मोकळा होता. त्याने मान खाली घातली, आणि ती पाठीवरून हात फिरवत राहिली.

शाळेतून आता येईल म्हणे, पण मे महिना होता, शाळा कधीच बंद झाल्या होत्या. म्हातारी रस्त्याकडे बघू लागली. मग त्यानेही मान वर केली आणि तो तिकडेच बघू लागला. मी डबा मांडीवर घेऊन ओट्याच्या कडेला टेकलो, आणि आम्ही तिघं अभिमनची वाट बघत बसलो.